सेगावची पत्रे आणि अठ्ठ्याण्णव खंड

१९३६ सालच्या ३० एप्रिलला गांधीजी वर्ध्याची मगनवाडी सोडून पायी सेगावला गेले. जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतले हे गाव वर्ध्यापासून पाच-साडेपाच मैलांवर होते. वस्ती सहाशेच्या आसपास. पक्का रस्ता नाही, दुकान नाही, पोस्ट नाही. ज्याच्या नावे देशातून आणि परदेशातून रोज ढीगभर टपाल येते, असा माणूस पोस्ट नसलेल्या गावात राहायला गेला. त्यात नावाची अडचण होती. त्याच लोहमार्गावर बुलडाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव आहे, आणि सेगावचे टपाल चुकून तिकडे जात राहिले. शेवटी १९४० च्या मार्चमध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. टपालाच्या सोयीसाठी झालेल्या या बदलाने इतिहासकारांच्या हाती नकळत एक खूण ठेवली. तारीख नसलेल्या पत्राच्या माथ्यावर ‘सेगाव’ असेल तर ते बहुधा १९४० च्या मार्चआधीचे, ‘सेवाग्राम’ असेल तर नंतरचे. अशा बारीकसारीक खुणा जोडत जोडतच पुढे गांधीजींच्या समग्र लेखनाचे शंभर खंड उभे राहिले.

संगणकावर चढवले की वारसा सुरक्षित झाला, अशी समजूत आज सर्वत्र आहे. शासकीय योजना, विद्यापीठे, संस्थाने, देवस्थाने, सगळेच स्कॅनिंगच्या मागे लागले आहेत आणि ते योग्यच आहे. पण वर्ध्यातून लिहिल्या गेलेल्या कागदांचे पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत काय झाले हे पाहिले, तर ती समजूत टिकत नाही. कागद नाहीसा होण्याचा धोका खराच. पण तो कागद केव्हाचा, कुठून मिळाला, कोणाच्या हातून गेला आणि मध्ये कोणी काय बदलले, ही माहिती नाहीशी होणे तितकेच घातक आहे. डिजिटल रूपात तर ती कागदावरच्यापेक्षा फार लवकर नाहीशी होते आणि नाहीशी झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. हे अनुमान हवेतले नाही. १९९९ ते २०१५ या काळात ते आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे.

आधी त्या कागदांचा पसारा पाहू. सप्टेंबर १९३३ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या सत्याग्रहाश्रमात आले आणि ७ नोव्हेंबरला तिथूनच हरिजन यात्रेला निघाले. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री झाले आणि मगनवाडी हे त्याचे ठाणे बनले. १९३७ च्या ऑक्टोबरात नवभारत विद्यालयात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम या शिक्षणपद्धतीची आखणी झाली. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला तोही वर्ध्यात. २५ ऑगस्ट १९४६ ला गांधीजी सेवाग्रामहून निघाले ते परत आलेच नाहीत. समग्र वाङ्मयाच्या मूळ संचात कालक्रमाने लावलेले खंड ९० आहेत. त्यांतले ५९ ते ८५ हे खंड प्रामुख्याने या काळाचे, म्हणजे पाव भागाहून अधिक. मधले दौरे आणि आगाखान पॅलेसचा बंदिवास वगळला, तरी एका माणसाने एका जिल्ह्यात बसून केलेल्या लेखनाचा एवढा मोठा, तारीखवार साठा महाराष्ट्रात दुसरा सापडणे कठीण आहे.

हा साठा आपोआप टिकला नाही. महादेवभाई देसाई मगनवाडीत राहत आणि रोज सेगावला पायी जाऊन परत येत. जाऊन-येऊन अकरा मैल, कधी दिवसातून दोन खेपा, वर्ध्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. त्यांचे चिरंजीव नारायणभाई यांनी वडिलांच्या चरित्रात, ‘अग्निकुंडमां ऊगेलुं गुलाब’ या ग्रंथात, या पायपिटीचे वर्णन केले आहे. झोळीत काय असे? आलेली पत्रे, उत्तरांचे मसुदे, ‘हरिजन’साठीचा मजकूर. प्यारेलाल, राजकुमारी अमृत कौर, मीराबेन यांचेही हात या कामात होते. गांधीजींचे अक्षर वाचायला अवघड. उजवा हात दुखू लागला की ते डाव्या हाताने लिहीत. सोमवारी मौन असल्यामुळे बोलणे चिठ्ठ्यांवर होई आणि त्या चिठ्ठ्या बहुधा वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर असत. यातला प्रत्येक कपटा जपून ठेवावा असे तेव्हा कोणाला तरी वाटले, म्हणून तो उरला. जतनाचे पहिले काम यंत्राने केलेले नाही. ते सहवासातल्या माणसांनी केले आहे, आणि त्यांनी कागदाबरोबर त्याची वेळ, जागा आणि प्रसंगही लिहून ठेवला.

इथे एक आक्षेप खुद्द गांधीजींच्याच नावाने घेता येतो. माझे लेखन माझ्या देहाबरोबर जाळून टाकावे, उरेल ते मी केलेले काम, अशा आशयाचे उद्गार त्यांनी १९३७ साली काढले होते. मग या कागदांची एवढी काळजी कशाला? पण याच माणसाने १९३३ च्या ‘हरिजन’मध्ये वाचकांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. माझ्या दोन विधानांत विसंगती आढळली तर त्याच विषयावरचे नंतरचे विधान प्रमाण माना, असे त्यांचे सांगणे होते. ही नुसती नम्रता नाही, वाचनाचा नियम आहे. जातिव्यवस्था, आंतरजातीय विवाह, यंत्रे, शिक्षण या विषयांवरची त्यांची मते वर्ध्याच्या वर्षांत बदलत गेली. १९२० सालचा गांधी दाखवून १९४६ च्या गांधीला खोडता येते, आणि उलटही करता येते. ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ ठरवायचे तर तारीख हवी, क्रम हवा, आणि मधले एकही पान गाळलेले नाही याची खात्री हवी. त्यांच्या बाबतीत तारीख ही मजकुराचाच भाग आहे. जाळून टाकायचे तर सगळेच जाळावे. पण ठेवायचे ठरवले, तर त्यांच्याच नियमाने नीट ठेवावे लागते.

भारत सरकारने १९५६ साली समग्र वाङ्मयाचे काम हाती घेतले, तेव्हा पहिले मुख्य संपादक म्हणून भारतन् कुमारप्पा आले. हे जे. सी. कुमारप्पांचे धाकटे बंधू, मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम केलेले. म्हणजे हा प्रकल्प सुरू झाला तोच वर्ध्याच्या माणसाच्या हातून. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. पहिला खंड १९५८ च्या जानेवारीत निघाला तो त्यांना पाहता आला नाही. त्यांच्यानंतर जयरामदास दौलतराम, आणि १९६० पासून के. स्वामिनाथन. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या या प्राध्यापकाने पुढची पंचवीसेक वर्षे या एकाच कामाला दिली. मूळ गुजराती, हिंदी आणि इंग्रजी कागद शोधायचे, तपासायचे, भाषांतर करायचे, तारखा ठरवायच्या आणि कालक्रमाने लावायचे. शंभरावा खंड १९९४ मध्ये आला. ९० खंड मुख्य लेखनाचे, ९१ ते ९७ पुरवणीचे, त्यानंतर विषयसूची, व्यक्तिसूची आणि अखेरच्या खंडात सर्व खंडांच्या प्रस्तावना. एकूण पृष्ठे पन्नास हजारांच्या घरात. अभ्यासक याला स्वामिनाथन आवृत्ती म्हणतात.

या खंडांतले एखादे पत्र जवळून पाहावे. वर ठिकाण आणि तारीख. तारीख पत्रावर नसेल आणि संपादकांनी ठरवली असेल, तर ती चौकोनी कंसात. तळटीपेत ती कशावरून ठरवली याचे कारण. खाली बारीक टाइपात एक ओळ, मूळ कागद कुठे आहे ते सांगणारी. ‘एस. एन.’ असेल तर साबरमती संग्रहालयाचा अनुक्रमांक. ‘जी. एन.’ असेल तर दिल्लीच्या गांधी स्मारक निधी व संग्रहालयाचा. ‘एम. एम. यू.’ म्हणजे फिरत्या मायक्रोफिल्म पथकाने टिपलेले रीळ. ‘सी. डब्ल्यू.’ म्हणजे खुद्द संपादक मंडळाने मिळवलेला कागद, आणि पुढे तो ज्यांच्याकडून मिळाला त्यांचे नाव. या यादीत ‘एस. जी.’ ही दोन अक्षरेही आहेत. ती सेवाग्रामच्या संग्रहाची खूण; त्याच्या प्रकाशप्रती दिल्लीच्या गांधी संग्रहालयात आहेत. एरवी कोणाचे लक्ष जाणार नाही अशी ही ओळ. पण तीच वाचकाला सांगते की माझ्यावर विश्वास ठेवू नका, अमुक ठिकाणी जा आणि पडताळून पाहा.

वर्ध्याला अशा ओळीचे मोल नवे नाही. सेवाग्रामच्या जवळच धाम नदीच्या काठी पवनार आहे. विनोबा १९३८ मध्ये तिथे राहायला गेले आणि जमीन खणताना त्यांना प्राचीन मूर्ती सापडू लागल्या. त्यांतले एक शिल्प भरतभेटीचे मानले जाते. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे मत मांडले. त्यांच्या युक्तिवादाला आधार दिला तो ताम्रपटांनी. आधीचे ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेले आहेत, नंतरचे प्रवरपुराहून. ताम्रपटाचे पत्रे एका कडीत ओवलेले असत आणि कडीवर राजमुद्रा असे, मधला पत्रा कोणी बदलू नये म्हणून. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली पवनारला उत्खनन केले. पुढे मनसरच्या उत्खननांनंतर प्रवरपूर तिथे होते असे म्हणणारे अभ्यासकही पुढे आले. वाद अजून चालू आहे, आणि तो चालू राहू शकतो याचे कारण मिराशींनी प्रत्येक ताम्रपट कुठे मिळाला, त्यावर कोणते ठिकाण आहे, त्याची कडी शाबूत आहे की नाही हे सगळे नोंदवून ठेवले. नोंद असली तर मिराशींच्या विरोधात जाणाऱ्यालाही मिराशींच्याच ग्रंथाचा उपयोग होतो. प्रामाणिक दस्तऐवजीकरणाची याहून चांगली कसोटी मला दिसत नाही.

आता १९९९ कडे येऊ. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने समग्र वाङ्मय सीडीवर आणले, त्यात मजकुराचे ९८ खंड होते. पाठोपाठ २०००-०१ मध्ये त्याच क्रमाची सुधारित छापील आवृत्ती निघाली. शंभर जाड खंड जिथे पोहोचू शकत नव्हते तिथे एक चकती पोहोचणार होती आणि हव्या त्या शब्दाचा शोध क्षणात लागणार होता. ही गोष्ट मोठीच होती, आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण ही आवृत्ती म्हणजे जुन्या खंडांची प्रत नव्हती. पुरवणी खंडांतले लेखन मुख्य क्रमात मिसळले गेले, खंडांच्या सीमा बदलल्या, अनुक्रमांक बदलले, खंडोखंडीच्या प्रस्तावना गेल्या. अभ्यासकांनी दोन्ही संच शेजारी ठेवून ताडून पाहिले तेव्हा आणखी गंभीर गोष्ट उघडकीस आली. मूळ संचातल्या शेकडो नोंदी नव्या संचात नव्हत्याच. दीना पटेल यांनी हे ताडून पाहण्याचे चिकाटीचे काम केले. त्रिदीप सुहृद यांनी २००४ च्या नोव्हेंबरात ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहून हा प्रश्न चव्हाट्यावर आणला.

क्रम बदलल्याने काय बिघडते हे उदाहरणानेच कळेल. १९३६ च्या जूनमध्ये सेगावहून लिहिलेले पत्र स्वामिनाथन आवृत्तीत ६३व्या खंडात आहे. नव्या संचात ते ६९व्या खंडात गेले. ८ ऑगस्ट १९४२ चे मुंबईचे ‘भारत छोडो’ भाषण मूळ संचात ७६व्या खंडात आहे, नव्यात ८३व्या. चाळीस वर्षांत जगभर निघालेल्या पुस्तकांतल्या, प्रबंधांतल्या, लेखांतल्या गांधीविषयक तळटीपा ६३ आणि ७६ म्हणत होत्या. नवा संच हाती घेऊन त्या पडताळायला गेलेल्या विद्यार्थ्याला तिथे भलतेच वर्ष मिळणार. इतकेच नव्हे, हिंदीतले ‘संपूर्ण गांधी वाङ्मय’ आणि गुजरातीतला ‘गांधीजीनो अक्षरदेह’ हे दोन्ही संच इंग्रजी खंडांच्या सोबतीने घडले होते, एकात पाहिलेले दुसऱ्यात मिळवून घेता येत होते. गांधीजींनी मूळ गुजरातीत लिहिलेले वाक्य इंग्रजीत कसे उतरले हे तपासण्याची ती वाट होती. नव्या संचाने ती अडवली.

याला एक उत्तर दिले जाते आणि ते विचारात घेण्यासारखे आहे. उशिरा सापडलेली पत्रे पुरवणीत पडून राहण्यापेक्षा योग्य तारखेच्या जागी बसली तर वाचकाचे भलेच होते. एका दिवसाची दहा पत्रे ६३व्या खंडात आणि अकरावे ९४व्यात, ही रचना सोयीची नाही. स्वामिनाथन यांनीही सुरुवातीच्या काही खंडांची सुधारित आवृत्ती नव्या सामग्रीसह काढली होती, मग इतरांनी केले तर काय बिघडले? पण छापील पुस्तकात क्रम एकच असू शकतो, म्हणून तिथे निवड करावी लागते. संगणकावर तशी सक्ती मुळीच नाही. तेच पत्र मूळ खंडाच्या क्रमाने, कालक्रमाने, व्यक्तिवार, गाववार, हव्या त्या क्रमाने दाखवता येते आणि मूळ क्रमांक जागचा हलवावा लागत नाही. नव्या माध्यमाने जी मोकळीक दिली होती ती न वापरता जुन्या माध्यमाची मर्यादा त्यावर लादली गेली, आणि जुन्या माध्यमाने जे सांभाळले होते तेही गेले. शिवाय स्वामिनाथन यांनी बदल केला तेव्हा दुसरी आवृत्ती असे सांगून केला. कुठे काय भर पडली ते वाचकाला कळत होते.

दुसरे उत्तर असे की हजारो पृष्ठांत शेकडो नोंदी म्हणजे फार नाहीत. गाळलेले बहुतेक किरकोळ असणार. हे उत्तर मला धोक्याचे वाटते. कोणता कागद किरकोळ हे आज ठरवणारा माणूस उद्याच्या वाचकाचा प्रश्न ओळखू शकत नाही. आश्रमात कोणी काय खावे, कोणाला मातीची पट्टी ठेवावी, अशा दोन ओळींच्या पत्रांतून सेवाग्रामचा रोजचा कारभार, तिथल्या स्त्रियांचे कष्ट, रुग्णांची शुश्रूषा यांचा इतिहास लिहिता येतो. आणि संगणकावर गाळलेल्या गोष्टीचा परिणाम पुस्तकापेक्षा वेगळा असतो. पुस्तकाचे पान फाटले तर फाटलेली कड दिसते, पृष्ठांक उडी मारतो. शोधयंत्र मात्र शांतपणे ‘आढळले नाही’ एवढेच सांगते. वाचक त्याचा अर्थ ‘गांधीजींनी असे लिहिलेच नाही’ असा घेतो. तो घेणे स्वाभाविक आहे, कारण समग्र म्हणून जे दिले आहे ते समग्र आहे असेच तो धरून चालतो. यात कोणाचा हेतू काय होता याची चर्चा पुष्कळ झाली. माझ्या मुद्द्याला तिची गरज नाही. निव्वळ घाईने आणि चांगल्या इच्छेने केलेल्या कामातही नेमके हेच नुकसान झाले असते.

गांधीविचाराशी जोडलेल्या अनेकांनी आवाज उठवला, तज्ज्ञांनी अहवाल दिला, आणि २००५ मध्ये सरकारने सुधारित आवृत्ती मागे घेऊन स्वामिनाथन आवृत्तीच प्रमाण मानली. पुढचे काम जास्त कष्टाचे होते. दीना पटेल यांच्या देखरेखीखाली अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात मूळ शंभर खंडांची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती तयार झाली, मूळ मजकुराशी ताडून, आणि २०१५ च्या सप्टेंबरात ती प्रसिद्ध झाली. त्याआधी २ सप्टेंबर २०१३ ला साबरमती आश्रमाच्या न्यासाने उभारलेले गांधी हेरिटेज पोर्टल सुरू झाले होते. तिथे खंडांची पानेच्या पाने छायाप्रतीच्या रूपात दिसतात, इंग्रजीबरोबर हिंदी आणि गुजराती संचही, शिवाय ‘इंडियन ओपिनियन’, ‘यंग इंडिया’, ‘नवजीवन’, ‘हरिजन’ यांचे अंक. छापील पान जसेच्या तसे दिसत असल्याने मध्ये कोणी टाइप करताना केलेली चूक किंवा गाळणी शिरायला जागा राहत नाही. डिजिटल जतन कसे करावे याचा उत्तम धडाही याच प्रकरणातून मिळाला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

मागे घेतलेला संच मात्र मागे गेला नाही. छापील पुस्तक मागे घेतले की विक्री थांबते. जिथे प्रती आहेत तिथे ग्रंथपाल त्यावर नोंद करू शकतो. सीडीवरच्या खंडांच्या पीडीएफ एकदा महाजालावर गेल्या आणि हजारो ठिकाणी उतरल्या. आजही गांधीजींचे समग्र वाङ्मय शोधणाऱ्याच्या हाती ९८ खंडांचा हा संच सहज लागतो. सेवाग्राम आश्रमाच्या संकेतस्थळावरही खंड १ ते ९८ याच रूपात आले. ज्या झोपडीतून ती पत्रे निघाली तिच्या पत्त्यावरून वाचकाला मिळाले ते मागे घेतलेल्या क्रमातले वाङ्मय. हे आश्रमाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. मोफत, सोपे, खंडवार उपलब्ध करून देण्यामागे सद्भावच होता, आणि आर्वी, हिंगणघाट, आष्टीच्या विद्यार्थ्याला शंभर खंडांपर्यंत नेणारी दुसरी वाट कित्येक वर्षे नव्हती. काही नसण्यापेक्षा हे बरे, असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करीन. माझी मागणी एवढीच की अशा संचाच्या माथ्यावर तो १९९९ चा आहे, मूळ खंडक्रमाशी जुळत नाही, त्यात काही नोंदी नाहीत, आणि मूळ संच अमुक ठिकाणी आहे, एवढे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेले असावे. खर्च काहीच नाही, आणि त्याने एका पिढीच्या तळटीपा सुधारतील.

माध्यमाच्या आयुष्याचाही विचार करायला हवा. इंग्लंडात १०८६ साली तयार झालेल्या ‘डोम्सडे बुक’ या जमीनपाहणीच्या ग्रंथाला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये देशाचे नवे चित्र लेझर डिस्कवर नोंदवले. पंधरा वर्षांत त्या चकत्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती वाचवण्यासाठी खास खटपट करावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचा चर्मपत्रांचा ग्रंथ मात्र वाचता येत होता. १९९९ च्या सीडीची तीच गत झाली आहे. नव्या संगणकांना ती घालायला खाच नसते. महाजालावर उतरवलेले तिचे खंड फिरत आहेत, पण ते कशातून, केव्हा आणि कोणी उतरवले याची खूण त्यांच्यावर क्वचितच असते. चकती गेली, प्रती राहिल्या आणि वंशावळ हरवली.

प्रतीचे महत्त्व सांगताना मूळ वस्तूला कमी लेखण्याचा हेतू नाही. सेवाग्राममधून गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याची बातमी २०११ मध्ये उघड झाली. त्याची कितीही उत्तम छायाचित्रे असली तरी ती चष्म्याची जागा घेणार नाहीत. गांधीजींच्या झोपडीच्या, म्हणजे बापूकुटीच्या, मातीच्या भिंती, मीराबेनने त्यांवर उठवलेली ताडाची झाडे, बांबूची रचना यांना दर पावसाळ्यानंतर माणसाचा हात लागतो म्हणून त्या उभ्या आहेत. कागदाचेही तसेच आहे. स्कॅन झाले म्हणून मूळ पत्र बांधून माळ्यावर टाकले, की पुढे कोणी शंका घेतली तर तपासायला काही उरणार नाही. शाई कोणती, मजकूर कोणाच्या हातचा, पाठीमागे आधीचे काय लिहिले आहे, या गोष्टी मूळ कागदच सांगतो.

वर्ध्यात करण्यासारखे काम अजून पुष्कळ आहे. समग्र वाङ्मय गांधीजींचे आहे. त्यांच्याभोवती जमलेल्या माणसांचे आणि संस्थांचे नाही. ग्रामोद्योग संघाच्या ‘ग्राम उद्योग पत्रिके’तून घाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या यांवरचे प्रयोग वर्षानुवर्षे छापले गेले. हिंदुस्थानी तालीमी संघाने ‘नई तालीम’ चालवले. १९३६ पासूनची राष्ट्रभाषा प्रचार समिती, १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय, पवनारचे ब्रह्मविद्या मंदिर, प्रत्येकाचा कागदपत्रांचा इतिहास आहे. १९४८ च्या मार्चमध्ये, गांधीहत्येनंतर सहा आठवड्यांनी, नेहरू, राजेंद्रप्रसाद, आझाद, विनोबा, कृपलानी, जयप्रकाश सेवाग्रामला जमले आणि आता पुढे काय याचा विचार केला. त्या बैठकीचा वृत्तांत गोपालकृष्ण गांधी यांच्या संपादनाने इंग्रजी पुस्तकरूपात आला तो २००७ मध्ये, जवळजवळ साठ वर्षांनी. असा कागद एखाद्या संस्थेच्या कपाटातून निघू शकतो, तर आणखीही निघू शकतील.

त्यासाठी लागणाऱ्या संस्था जिल्ह्यातच आहेत. १९९७ पासून वर्ध्यात केंद्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. मगन संग्रहालय, आश्रम प्रतिष्ठान आणि राष्ट्रभाषा समिती काही मैलांच्या आत आहेत. यंत्र विकत घेण्याआधी त्यांनी एकत्र बसून एक सामायिक नोंदवही आखावी. कागदाला क्रमांक कोण देणार आणि तो पुढे कधीही बदलायचा नाही, मूळ कोणाच्या ताब्यात आहे, तारीख कागदावरची की ठरवलेली, ठरवली असेल तर कशावरून, प्रत कोणी आणि केव्हा काढली, नंतर दुरुस्ती झाली तर जुनी प्रत कुठे ठेवायची. जुन्या ‘एस. जी.’ क्रमांकांपुढे आज ते मूळ कागद कुठे आहेत याचा रकाना असावा. एवढे ठरले की ‘ग्राम उद्योग पत्रिके’चा पहिला अंक स्कॅनरवर ठेवायला हरकत नाही.